बोल्टाचं डोकं गोल झालंय? आधी पाना खाली ठेवा

पावसाळ्यात बेल्ट ओला झाला की माझी जुनी वॅगनआर सकाळी सुरू करताना किंचाळायची. माहीमला आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये सकाळी सहाला ती किंकाळी म्हणजे तीन मजल्यांना फुकटचा गजर. बेल्ट ताणायचं काम ते काय? अल्टरनेटरचा, म्हणजे बेल्टावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याचा, एक बोल्ट सैल करायचा, अल्टरनेटर मागे रेटायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा. दहा मिनिटं. मी खाली उतरलो, हाताला लागला तो १३ चा फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना बोल्टावर चढवला, ‘बसतोय की’ म्हणत जोर लावला, आणि बोल्ट जागच्या जागी राहून पानाच फिरला. बोल्ट १२ चा होता.

तो एक बोल्ट काढायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे शिकलो, आणि पुढे आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्या काकांकडे बसून जे पाहिलं, ते इथे लिहितोय. गाडीला पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचा जन्म पाने फिरवण्यात गेलाय त्यांना यात नवीन काही सापडणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. बोल्टाचं डोकं ही बँकेतली शिल्लक आहे. पाना घसरला की त्यातून थोडी रक्कम जाते, आणि ती परत भरता येत नाही. म्हणून ज्या उपायाने डोक्याचं काहीच जात नाही तो आधी, ज्याने थोडं जातं तो नंतर, आणि ज्यात डोकंच उडवावं लागतं तो अगदी शेवटी. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावलाय. आपण घाईत नेमकं उलटं करतो. पाना घसरला की चिडून आणखी जोर लावतो, मग पाईप लावतो, आणि तीन झटक्यांत सगळी शिल्लक उडवून बसतो. तेव्हा पाना पहिल्यांदा घसरला की तिथेच थांबा आणि चहा पिऊन या.

डोकं गोल का होतं

१२ चा बोल्ट म्हणजे डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १२ मिलिमीटर. तेच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर १३.८६ भरतं. १३ चा पाना या दोन मापांच्या मधोमध पडतो, आणि खरी फसगत इथेच होते. तो बोल्टावर सहज चढतो, दहाएक अंश मोकळा फिरतो आणि मग दोन कोपऱ्यांच्या अगदी टोकांवर अडतो. हाताला वाटतं, धरलं बुवा. प्रत्यक्षात सगळा जोर दोन टोकदार कडांवर आलेला असतो. त्या कडा चेपल्या की संपलं.

बरोबर मापाचा फिक्स पानाही फार सज्जन नाही, कारण तोही दोनच बाजूंना धरतो. रिंग पाना सगळीकडून धरतो, पण बहुतेक रिंगांना आत बारा कोपरे असतात आणि त्या बोल्टाच्या कोपऱ्यांजवळच टेकतात. सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, मात्र सपाट बाजूंवर जोर देते. जाम बोल्टाला हात लावायचा तर सहा कोपऱ्यांची गोटीच घ्या. गोटीचा सेट विकत घेताना आत डोकावून कोपरे मोजा. दुकानदार हसेल, हसू दे. ॲडजस्टेबल पाना घरच्या नळासाठी ठेवा. गाडीच्या जाम बोल्टावर तो चढवणं म्हणजे शिल्लक स्वतःच्या हाताने गटारात टाकणं.

मापांचा आणखी एक घोळ नवशिक्यांना छळतो. गॅरेजमध्ये बोल्ट डोक्याच्या मापाने ओळखतात, नटबोल्टाच्या दुकानात आट्यांच्या मापाने. दुकानदार ज्याला एम ८ म्हणतो त्याच्या आट्यांचा व्यास ८ मिलिमीटर असतो. जपानी वळणाच्या गाड्यांत त्याचं डोकं बहुधा १२ चं, युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३ चं. म्हणजे मित्राच्या गाडीला बसणारा पाना तुमच्या गाडीला ‘जवळपास’ बसतो आणि घात करतो. घरात वडिलांच्या काळातला इंची सेट असेल तर त्यातला अर्ध्या इंचाचा पाना १२.७ मिलिमीटरचा असतो. तोही १२ वर असाच खोटा बसतो. पाऊण इंच १९.०५ भरतो, तेवढा १९ ला चालून जातो.

आता मुंबईची हवा. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं आणि मिठाने गंज झपाट्याने वाढतो. त्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मिलन सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यातून एकदा गाडी काढली की खालचा एकही बोल्ट कोरडा राहत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून बोल्ट आतून आवळला जातो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवलेला असेल तर ओलावा आणि मीठ मिळताच दोन धातूंची आपसात रासायनिक कुरबुर सुरू होते आणि कडेला पांढरी पूड दिसायला लागते. माझ्या बोल्टाभोवती ती होती. मी तिला धूळ समजलो होतो.

हात लावण्याआधी

इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला करा. अल्टरनेटर किंवा स्टार्टरजवळ काम असेल तर हे टाळूच नका, कारण तिथे थेट बॅटरीतून आलेली जाड वायर असते आणि पाना तिला लागून बॉडीला टेकला तर ठिणगीबरोबर पानाही भाजतो.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. जॅक उचलण्यासाठी, घोडी (गाडीखाली लावायचा पोलादी स्टँड) पेलण्यासाठी. घोडी नसेल तर खाली जाऊ नका. विटा किंवा पेव्हर ब्लॉक घोडीच्या जागी चालत नाहीत, ते एका क्षणात फुटतात. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. डोळ्यांवर गॉगल हवाच. खाली पडून वर पाहताना गंजाचे कण थेट डोळ्यात येतात.

आणि हो, दुपारी दोन ते चार हातोडी वाजवू नका. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः खाली उतरतात.

फिरवायची दिशा नीट ठरवा. बोल्टाच्या डोक्याकडून पाहिलं तर काट्याच्या उलट दिशेने तो सैल होतो. गाडीखाली उताणे पडल्यावर किंवा हात मागून घातल्यावर ही दिशा हमखास चुकते. मी एकदा जाम बोल्ट पाऊण तास आवळत होतो. हातात एक सुटा बोल्ट घेऊन तो त्याच दिशेला धरून पाहा, लगेच कळतं. डावे आटे गाडीत क्वचितच भेटतात, सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे. तरी खात्री करून घेतलेली बरी.

आधी पाजा

काका म्हणतात, “आधी पाजा, मग वाजवा.” पाजायचं म्हणजे तेल.

तारेच्या ब्रशने बोल्टाच्या भोवतालची माती आणि सुटा गंज काढा. आट्यांचं मागचं टोक दिसत असेल तर तिकडूनही साफ करा, कारण तेल दोन्ही बाजूंनी आत गेलं तर काम निम्मं होतं. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतो, आणि त्याचं नावच सांगतं की तो मुळात पाणी हटवण्यासाठी केलेला आहे. त्याने काम होतं, पण खास गंजासाठी केलेले पेनिट्रेटिंग ऑइलचे डबे फटीत जास्त खोल उतरतात. जुने मेकॅनिक डिझेल किंवा रॉकेल वापरतात. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ट्रान्समिशन तेल निम्मं निम्मं मिसळूनही चांगला परिणाम मिळतो. मात्र ते मिश्रण थांबलं की वेगळं होतं, रंग खातं आणि भक्कन पेटतं, तेव्हा बंद पार्किंगमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका.

स्प्रे मारून लगेच पाना लावणं म्हणजे औषधाची गोळी गिळून लगेच ताप मोजणं. मारा, वीस मिनिटं थांबा, परत मारा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. मी संध्याकाळी तीनदा मारून गाडी तशीच ठेवली आणि सकाळी ऑफिसला लोकलने गेलो. बेल्टावर, ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर तेल उडू देऊ नका, तिथे जुनं फडकं गुंडाळा.

मग वाजवा

तेल मुरल्यावर बोल्टाच्या डोक्यावर सरळ समोरून हातोडीचे ठोके द्या. मध्यम, ठाम, वीस-पंचवीस. गंजाचा थर ठिसूळ असतो, धक्क्याने तडकतो आणि तेलाला वाट मिळते. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर हात आवरता ठेवा. ते कास्टिंग तुटलं तर एका बोल्टाच्या नादात अल्टरनेटरची कानशिलं गेली म्हणून समजा.

आता सहा कोपऱ्यांची बरोबर मापाची गोटी घ्या आणि हातोडीने ठोकून डोक्यावर पूर्ण बसवा. अर्धवट बसलेली गोटी घसरणारच. पाना लांब घ्या, पण झटका देऊ नका. आणि पहिला जोर सैल करण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने. हे नवशिक्यांना पटत नाही. आवळायच्या बाजूचे कोपरे अजून शाबूत असतात, त्यामुळे तिकडे पकड मिळते, आणि केसभर हालचाल झाली तरी गंजाची मगरमिठी सुटते. मग उलट. मग पुन्हा थोडं आवळायचं. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये तेलाचे दोन थेंब.

कानाला काय ऐकू येतं ते महत्त्वाचं आहे. गंजलेला बोल्ट सुटताना ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येतो, मग कुरकुर. ही चांगली खूण. पण आवाज न होता बोल्ट रबरासारखा मऊ वळतोय असं वाटलं, पाना आणि डोकं फिरतंय पण बोल्ट जराही बाहेर येत नाहीये, तर तत्काळ हात थांबवा. तो बोल्ट मधूनच पिळला जातोय, आणखी पाव फेऱ्यात तुटणार. परत आवळायच्या बाजूला आणा, तेल घाला, आणखी एक रात्र जाऊ द्या.

पाईप लावण्याचा मोह सगळ्यांना होतो म्हणून एक हिशेब. एम ८ चा साधा मजबूत बोल्ट सुमारे २५ न्यूटन मीटरला आवळतात. म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. तोच जोर एक मीटरच्या पाईपच्या टोकाला लावला तर १०० न्यूटन मीटर होतो. एम ८ चा बोल्ट तोडायला एवढा पुरून उरतो. चाकाचे नट वेगळे, ते जाड असतात, तिथे पाईप चालून जातो. १० आणि १२ च्या डोक्याच्या बोल्टांना नाही.

पकड बदला

इथपर्यंत डोक्याचं फारसं काही गेलेलं नाही. आता थोडं थोडं जाणार.

डोकं बाहेर आलेलं असेल आणि भोवती जागा असेल तर व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून जागीच अडकवता येणारी पक्कड. डोक्यावर पुढून लावण्यापेक्षा बाजूने लावा, म्हणजे दातांना पूर्ण जाडी मिळते. मागचा स्क्रू एवढा आवळा की दांडा बंद करताना तळहाताचा जोर लागला पाहिजे आणि खटक्यासारखा आवाज आला पाहिजे. सैल लावलेला व्हाइस ग्रिप डोकं सोलतो. स्वस्तातला व्हाइस ग्रिप दोनदा वापरला की त्याचेच दात गोल होतात. या एका हत्याराला पैसे घाला.

व्हाइस ग्रिपला जागा नसेल तर कानस. माझा बोल्ट यानेच निघाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १२ चं डोकं कोपऱ्यांना गोल झालं असलं तरी सपाट बाजूंत अजून मांस असतं. प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर घासलं की ते ११ चं होतं. ११ च्या गोटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १२.७ मिलिमीटरची जागा असते, म्हणजे झिजलेल्या गोलाव्यातूनही नवे कोपरे घडवायला पुरेसा माल मिळतो. छोटी सपाट कानस घ्या. आधी समोरासमोरच्या दोन बाजू घासा आणि ११ ची गोटी सारखी लावून पाहत राहा. थोडी कमीच घासा. गोटी हाताने बसली तर तुम्ही जास्त घासलंय. ती ठोकूनच बसली पाहिजे. मला सहा बाजूंना पाऊण तास लागला, बोटांची कातडी दोन जागी गेली, आणि मधल्या वेळात वॉचमनने तीनदा विचारलं, “अजून एकच बोल्ट?” शेवटी गोटी हातोडीने ठोकून बसवली, रॅचेट आवळायच्या बाजूला किंचित दाबलं आणि तो ‘कट्ट’ आवाज आला. लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर वाटतं तसं वाटलं.

घासायचं नसेल तर उलट्या दातांची गोटी मिळते. बाहेरून गोटीसारखीच, आतून मात्र पिळाचे तीक्ष्ण दात. ठोकून बसवायची आणि सैल करण्याच्या दिशेने फिरवायची. फिरवाल तसे दात डोक्यात रुततात. गोल झालेल्या डोक्यासाठी हे सगळ्यात सोपं हत्यार आहे, आणि वर्षातून दोनदा जरी काम पडत असेल तरी सेट घेऊन ठेवावा. अट एकच: गोटीला वर बसायला जागा हवी. ॲलनचे बोल्ट (डोक्यात सहा कोपऱ्यांचा खड्डा असलेले) आतून गोल झाले असतील तर ताऱ्याच्या आकाराचा, खड्ड्यात जेमतेम मावणारा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवा. बहुतेक वेळा निघतो.

छन्नी हा जुन्या लोकांचा उपाय. डोक्याच्या कडेला छन्नी तिरकी लावायची, आधी सरळ ठोकून खाच पाडायची, मग त्याच खाचेत तिरपे ठोके देत डोकं सैल करण्याच्या दिशेने ढकलायचं. धक्का आणि फिरवणं एकाच वेळी होतं, त्यामुळे जे पान्याने होत नाही ते कधी कधी याने होतं. पण एकदा छन्नी लावली की त्या डोक्यावर कुठलीच गोटी पुन्हा बसत नाही.

आग

उष्णतेने काम होतं, आणि मुंबईत तिचा वापर जपूनच करावा लागतो. तत्त्व सोपं आहे. बोल्ट नाही, बोल्टाभोवतालचा भाग तापवायचा. तो पसरला की पकड सुटते. ॲल्युमिनियम तेवढ्याच तापमानाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर फायदा जास्त. काही बोल्टांना कंपनीतूनच लाल लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून धरणारा गोंद, लावलेलं असतं. ते सुमारे २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय हाताच्या हत्याराने सुटता सुटत नाही. असा बोल्ट तेलाला अजिबात दाद देत नाही, त्यावरून ओळखता येतो.

पण या शहरातल्या कितीतरी गाड्या सीएनजीवर चालतात. गाडीत सीएनजी किट असेल तर ज्वाला पेटवू नका, कुठेच नाही. पेट्रोलच्या पाईपजवळ नको, ब्रेकच्या रबरी नळीजवळ नको, शॉकॲब्सॉर्बरवर तर नकोच, त्याच्या आत दाबाखाली तेल आणि वायू असतो. तेल किंवा ॲसिटोन मारलेल्या जागेवर ज्वाला धरणं हा वेडेपणा आहे. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतात आणि ते तापले की विषारी वायू निघतो, तेव्हा ब्रेक क्लीनर वापरलेल्या जागेलाही उष्णता नको. मोकळ्या ठिकाणी, सायलेन्सरच्या जाड पोलादी क्लँपसारख्या जागी, हीट गन चालते. बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगमध्ये तेवढंही करू नका.

डोकं उडवायची वेळ आली तर

पहिला मार्ग वेल्डिंगचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात चांगला. डोक्यावर एक मोठा नट ठेवायचा, नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरायचं. नव्या नटाने पान्याला नवे कोपरे मिळतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतला गंजही सुटतो. थोडं थंड झाल्यावर, लालसरपणा गेल्यावर फिरवायचं. मुंबईत वेल्डर प्रत्येक नाक्यावर आहे, पण खिडकीची ग्रिलं करणारा आणि गाडीवर हात बसलेला, यात फरक असतो. गाडीवरच्याला काही सांगावं लागत नाही. तो आधी बॅटरी काढायला सांगतो आणि अर्थिंगचा चिमटा अगदी बोल्टाशेजारी लावतो, म्हणजे करंट अल्टरनेटरच्या डायोडमधून किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरमधून जात नाही. तुमच्या वेल्डरने हे दोन्ही स्वतःहून केलं नाही तर हात जोडून दुसरा शोधा.

दुसरा मार्ग डोकं कापायचा किंवा ड्रिलने उडवायचा. ज्या बोल्टाने एखादा भाग दाबून धरलाय, तिथे हे फार उपयोगी पडतं. बोल्ट आवळलेला असतो म्हणजे तो ताणलेला असतो, आणि हाच ताण त्याला फिरू देत नाही. डोकं गेलं की ताण संपला. वरचा भाग सरकवून काढायचा आणि उरलेला खुंट व्हाइस ग्रिपने धरायचा. तासभर हट्ट धरून बसलेला बोल्ट अशा वेळी चक्क दोन बोटांनी फिरतो. माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

खुंट आत तुटला तर मात्र तुम्ही खोल पाण्यात आहात. मधोमध पंच मारायचा, आधी ३ मिलिमीटरचा ड्रिल, मग ५, मग ६.५. एम ८ साठी आटे पाडायचं भोक ६.८ असतं, त्याच्या पुढे जायचं नाही, मग एम ८ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा. पहिलं भोक मधोमध पडलं नाही तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळतो. तुटलेल्या बोल्टात ठोकून फिरवायचा जो ईझी-आउट मिळतो, तो मी घरी वापरत नाही. तो कडक आणि ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने कापलाच जात नाही, आणि भाग खोलून मशीन शॉपमध्ये ठिणगीने जाळून काढावा लागतो.

ब्रेकचा ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू), ब्रेकच्या पाईपचे नट, स्टीअरिंगचे जोड, एअरबॅगजवळचं काहीही: पहिला पाना घसरला तिथेच मेकॅनिककडे. ब्लीडर निपल पोकळ असतो, काडीसारखा मोडतो. तिथे चूक झाली तर गाडी थांबत नाही.

निघाला. आता परत बसवायचा

जुना बोल्ट परत लावू नका, कितीही ‘चालेल अजून’ वाटलं तरी. पण फेकूही नका, तो नमुना आहे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कलची तुटण्याची ताकद, दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जातो. त्याच ग्रेडचा किंवा कंपनीने सांगितलेला बोल्ट घ्या. ‘जास्त मजबूत’ म्हणून १२.९ चा बसवणं शहाणपणाचं नाही. ॲल्युमिनियममध्ये मग बोल्टाऐवजी आटे जातात.

भोकातले आटे टॅपने साफ करा. टॅप नसेल तर जुन्या बोल्टाला उभी खाच पाडून तोच हाताने फिरवा, खाचेत घाण जमा होते. मग स्प्रे मारून फडक्याने पुसा. नवा बोल्ट सुरुवातीचे पाच-सहा फेरे बोटांनी जायला हवा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागलेत, परत काढा. पान्याने रेटू नका.

आट्यांवर अँटी-सीझ ग्रीसचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या ग्रीसचा, पातळ हात द्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर आळस करूच नये. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांच्या आकड्यापेक्षा थोडा कमी जोर लावा. टॉर्क पाना (ठरलेला जोर दाखवणारा) नसेल तर छोटा पाना घ्या, त्याने सहसा जास्त आवळलं जात नाही. चाकाच्या नटांना मात्र ग्रीस नको.

नवा बोल्ट मला नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. तिकडे नटबोल्टांची दुकानं ओळीने आहेत आणि कुणाला नाव सांगायची गरज पडत नाही. जुना बोल्ट काउंटरवर ठेवायचा. दुकानदाराने माझा घासलेला ११ चा तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला, एका नटात बोटांनी फिरवून आट्यांची खात्री केली आणि विचारलं, “१३ चा पाना लावला होता ना?” मी एक बोल्ट मागितला होता, त्याने कागदात चार बांधून दिले.